जाळीकामाची नवी करवत

श्रावण उजाडला कीं ज्या घरांत गणपतीचें मखर स्वतःच्या हातानें करण्याची हौस आहे, त्या घराच्या मागील पडवींत प्लायवुडचा भुसा उडूं लागतो. कागदावरील वेलबुट्टी फळीवर चिकटविली जाते, प्रत्येक पाकळीच्या पोटांत एक बारीक भोंक पाडलें जातें, आणि त्या भोंकांतून ओंवलेलें पातें खालींवर नाचत नक्षींतील नको असलेला भाग कापून काढतें. कामाला दिवस थोडे उरले असतांना, दहा-बारा वर्षें राबलेलें यंत्र नेमकें याच वेळीं रुसतें. भुजा खडखडूं लागते, पातीं तटातट तुटतात, आणि गृहस्थ बाजाराची वाट धरतात. अशा घाईंत घेतलेलें यंत्र बहुधा जुन्याचाच दुसरा अवतार निघतें. रंग नवा, अडचण जुनी. तें टाळावयाचें असेल, तर या कामाचें मर्म थोडें उलगडून पाहिलें पाहिजे.

फ्रेटवर्कच्या करवतीचें नातें सुताराच्या करवतीपेक्षां सोनाराच्या करवतीशीं अधिक जवळचें आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरीं असलेला कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) कांसवाची पाठ आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापीत असे, व एकाचा तुकडा दुसऱ्याच्या पोकळींत बसवीत असे. केसासारखें पातें आणि खोल कमान हीच त्या कामाचीं साधनें. पुढें इंग्लंडांत १८९५ सालीं ‘हॉबीज’ नांवाचें साप्ताहिक निघालें. नॉर्फक परगण्यांतील डेरेहॅम गांवच्या त्याच नांवाच्या कारखान्यानें पायानें चालविण्याचीं यंत्रें विकलीं, आणि कारागिराची ही विद्या हौशी माणसाच्या हातीं आली. पायाच्या जागीं आज विजेची मोटार आहे. मूळ अडचण मात्र तीच राहिली: जाळीची प्रत्येक पोकळी चारही बाजूंनीं बंद असते, म्हणून प्रत्येक पोकळीसाठीं पातें एका टोकास सोडवावें लागतें, भोंकांतून ओंवावें लागतें आणि पुन्हां ताणून बसवावें लागतें.

या सोडण्या-बसविण्यांतच यंत्राची खरी परीक्षा आहे. समजा, मखराच्या एका बाजूच्या जाळींत १४० पोकळ्या आहेत. पातें सोडण्यास किल्ली शोधावी लागली, मागें वांकून ताण सैल करावा लागला, तर एका पोकळीमागें सहज दीड मिनिट जातें. तोच ताण पुढच्या बाजूस असलेल्या एका खिट्टीनें सैल होत असेल व पकड बोटांनीं फिरविण्याजोगी असेल, तर वीस सेकंद पुरतात. १४० पोकळ्यांचा हिशेब केला तर फरक पावणेतीन तासांच्या घरांत जातो, आणि तोही एकाच बाजूचा! ज्यांचीं बोटें वयानें आंखडलीं आहेत त्यांना तर हा प्रश्न वेळेपुरता राहत नाहीं. छंद चालू राहतो कीं सुटतो, हेंच त्यावर ठरतें. दुकानदार सहसा मोटारीच्या शक्तीविषयीं बोलतो. गिऱ्हाइकानें त्याच्यासमोर पातें काढून पुन्हां बसवून पाहावें. तेंही एकदां नव्हे, पांच वेळां.

दुसरी गोष्ट पात्याच्या टोकांची. स्वस्त यंत्रांत पुष्कळदां आडव्या खुंटीचींच पातीं बसतात. तीं बसविण्यास सोपीं खरीं. पण ती खुंटी भोंकांतून जावयाची म्हणजे भोंक पांच मिलिमीटरांच्या आसपास हवें. मोराच्या पिसाऱ्यांतील डोळाच जेथें तेवढ्या रुंदीचा, तेथें कापावयाचें काय? साध्या टोकाचें पातें साधारण पांच इंच लांब असतें, व दोन नंबरचें पातें सुमारें पाऊण मिलिमीटर रुंद असल्यामुळें एक-सव्वा मिलिमीटरचें भोंक त्याला पुरतें. ज्यांचें जुनें यंत्र केवळ खुंटीचीं पातीं घेणारें होतें, त्यांना आपली नक्षी ठसठशीत आणि ओबड कां होते याचें कोडें वर्षानुवर्षें पडलेलें असतें, व दोष ते आपल्या हाताला देतात. नवें यंत्र साधीं पातीं घेणारें नसेल, तर तें न घेतलेलेंच बरें.

भुजेची रचना तीन प्रकारची आढळते. इंग्रजी सी अक्षरासारखी एकसंध भुजा मागील एका खिळ्याभोंवतीं झुलते. तिच्यांतील पातें सरळ खालींवर न जातां किंचित् कमानींत फिरतें, कापतें झपाट्यानें, पण नाजुक वळणांत हात सांभाळावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत दोन समांतर भुजा वेगवेगळ्या खिळ्यांवर डोलतात आणि पातें जवळजवळ उभेंच राहतें. तिसऱ्यांत लांब भुजा स्थिर असून आंतील दांडे पुढच्या आंखूड जोडांना हलवितात. हलणारें वजन कमी, म्हणून कंपही कमी. जाळीकामास दुसरा किंवा तिसरा प्रकार घ्यावा. कंप पाहण्याची एक जुनी युक्ति आहे: यंत्राच्या टेबलावर पांच रुपयांचें जाड नाणें कडेवर उभें करावें आणि गति हळूहळू वाढवावी. नाणें कोणत्या गतीला पडतें, यावरून यंत्राचा स्वभाव कळतो. अर्थात् तें हलक्या स्टुलावर ठेवलेलें असेल तर ही परीक्षा स्टुलाची होईल. जड बांकाला आवळून बसविल्यावरच निकाल द्यावा.

पात्यापासून मागील खांबापर्यंतचें अंतर, ज्याला घसा म्हणतात, तें सोळा इंच कीं वीस इंच यावर गिऱ्हाईक फार घोटाळतें. सोळा इंचांचा घसा असला तरी फळी फिरवून बत्तीस इंच रुंदीच्या फळीच्या मध्यापर्यंत पोंचतां येतें. घरगुती मखराचें, देव्हाऱ्याचें किंवा नांवाच्या पाटीचें काम त्यांत सहज बसतें. क्वचित् फळी फिरवितां आली नाहीं तर पिळाचें पातें वापरावें. त्याला चोहोंबाजूंनीं दाते असल्यानें फळी न वळवितां कोणत्याही दिशेस कापतां येतें, मात्र त्याची चीर रुंद व खरबरीत पडते. केवळ घशासाठीं दुप्पट पैसे मोजण्यांत शहाणपण नाहीं. गति कमीजास्त करण्याची सोय मात्र हवीच. तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवुडला एक गति, पितळेच्या पत्र्याला त्याहून पुष्कळ कमी.

अमेरिकेंत असलेल्या मुलाकडून किंवा भाच्याकडून यंत्र मागविणारींही घरें आहेत. तेथील घरगुती वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, भारतांतील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, हर्ट्झ बदलीत नाहीं. इंडक्शन मोटार असेल तर ती येथें सहाव्या हिश्श्यानें मंद चालते आणि तापते. तेव्हां मोटार कोणत्या जातीची, हें पार्सल निघण्यापूर्वीं विचारावें. पकडीचे स्क्रू आणि भुजेचीं बेअरिंगें झिजल्यावर तीं येथें मिळतील काय, हाही प्रश्न त्याच पत्रांत घालावा.

एवढें करूनही एक शंका उरतेच: जुनें यंत्र खरोखर बिघडलें आहे काय? पातीं तुटण्याचें कारण पुष्कळदां बोथट पात्यावर हातानें दिलेला जोर हेंच असतें. सागवानांत वाळूच्या जातीचें द्रव्य असतें. त्यानें दाते लवकर मरतात. पातें रेघ सोडून एका अंगास ओढूं लागलें कीं यंत्र वांकडें झालें अशी समजूत होते. वास्तविक पातें तयार होतांना त्याच्या एका कडेस राहिलेली सूक्ष्म खर हें त्याचें कारण असतें, आणि फळी किंचित् तिरकी धरून कापणें हाच त्यावर इलाज. टेबल पात्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास जाडसर लांकडांत थोडी चीर पाडावी, यंत्र थांबवून तो तुकडा पात्याच्या मागच्या बाजूस न्यावा आणि तीच चीर मागून पात्यावर सरकवावी. पातें अडखळलें नाहीं तर टेबल बरोबर आहे. भुजेच्या सांध्यांत तेल घालून व पकडीचे नवे स्क्रू बसवूनही खडखड थांबली नाहीं, तर मात्र बाजार गांठावा. आणि तो श्रावणांत नव्हे, दिवाळीनंतर गांठावा, म्हणजे नव्या यंत्राशीं हाताची ओळख होण्यास अवधि मिळेल.

खरेदींतून उरलेल्या पैशांत चांगलीं पातीं डझनावारी घ्यावींत. त्यांत खालचे कांहीं दाते उलट असलेलीं पातीं अवश्य असावींत, कारण त्यांनीं प्लायवुडची खालची बाजू फाटत नाहीं. नाकावर बांधण्यासाठीं चांगला मुखवटा घ्यावा. लांकडाची धूळ कर्करोगास कारण होते असें कर्करोगाविषयीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९५ सालीं जाहीर केलें आहे, आणि भुसा उडविणारी यंत्रांतील फुंकणी तीच धूळ कापणाऱ्याच्या तोंडाकडे पाठविते.

जुनें यंत्र भंगारांत घालूं नये. खुंटीचीं पातीं मुलांनाही बसवितां येतात. घरांत दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर वडील माणसानें शेजारीं बसून प्रथम त्याच यंत्रावर आंब्याची कोयरी कापवून घ्यावी. कोयरीला आंतली भोंकें नसतात.