खोक्यावरचे वॅट

मोटारीतील ध्वनिवर्धकाच्या खोक्यावर ‘५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. त्यातले आपल्या पदरात किती पडतात, हे साध्या मल्टिमीटरने मोजता येते. स्पीकर सोडवून त्याच्या जागी ४ ओहमचा, ५० वॅट सोसणारा रेझिस्टर जोडावा. ५० हर्ट्झचा एकच अखंड स्वर लावून आवाज हळूहळू चढवावा आणि स्वर फाटण्यापूर्वी थांबावे. मग रेझिस्टरच्या दोन टोकांमधील एसी व्होल्ट मोजावेत. त्या आकड्याचा वर्ग करून ४ ने भागले, की वॅट मिळाले.

आता हिशेब पाहा. इंजिन चालू असता मोटारीतील विजेचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. दाब वाढविणारी वेगळी योजना आत नसेल, तर स्वराच्या लाटेचा माथा त्याहून वर जात नाही. अशा स्वच्छ लाटेसाठी मीटर फार तर १० व्होल्ट दाखवील. म्हणजे २५ वॅट. मग ५० कोठून आले? आवाज चढवून लाटेचे माथे पार सपाट केले, तर १४ चा वर्ग १९६, भागिले ४, बरोबर ४९! हे वॅट खोटे नव्हेत. पण त्यांत गाणे उरत नाही. म्हणून खरेदी करताना ‘कमाल’ आकडा सोडून ‘आर.एम.एस.’ वॅट विचारावेत.