मोबाइलचे अ‍ॅप : आरंभ कोठून करावा?

दहावी-बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दोघेचौघे तरी हल्ली एकच प्रश्न विचारतात : "सर, अ‍ॅप करायला कोणता क्लास लावू?" मागे असाच एक विद्यार्थी आला, तो क्लास संपवूनच आला होता. वडिलांनी कर्ज काढून फी भरली होती, आणि तीन महिन्यांत त्याला शिकवले काय, तर जी साधने कोणासही विनामूल्य मिळतात ती संगणकावर बसवावयाची कशी, एवढेच. स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा त्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, म्हणून हा विषय घेतला आहे.

अँड्रॉइडच्या मोबाइलसाठी गूगलचे अधिकृत साधन म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ. ते २०१३ साली जाहीर झाले आणि २०१४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. त्यास एक पैसाही पडत नाही. पुष्कळांची समजूत अशी, की अधिकृत म्हणजे बंदिस्त आणि मुक्तस्रोत म्हणजे हौशी मंडळींचे काम. वस्तुतः स्टुडिओ ज्या पायावर उभा आहे तो जेटब्रेन्स कंपनीचा इंटेलिजे मुक्तस्रोत आहे, त्यात लिहावयाची कोटलिन ही भाषा मुक्तस्रोत आहे, आणि अँड्रॉइडचा गाभाही तसाच. मुक्तस्रोत याचा अर्थ इतकाच, की मूळ प्रोग्रॅम कोणासही वाचता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून त्यात फेरफार करून वापरता येतो. आयफोनची गोष्ट निराळी. त्याचे एक्सकोड हे साधन फुकट खरे, पण ते मॅक संगणकावरच चालते, आणि अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानात ठेवावयाचे तर वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. साधारण स्थितीच्या घराने तेथून आरंभ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टुडिओस संगणक मात्र दणकट लागतो. ८ जीबी मेमरी ही अगदी किमान. घरी जुना संगणक असल्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे अ‍ॅप इन्व्हेंटर घ्यावे. ते २०१० साली गूगलमध्ये जन्मले, पुढे एमआयटीने सांभाळले, आणि तेही मुक्तस्रोत आहे. ब्राउझर उघडावा, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावेत, क्यूआर कोड टिपावा, की अ‍ॅप मोबाइलवर हजर. आठवीच्या मुलांना मी येथूनच शिकवतो.

स्टुडिओ वापरणाऱ्याने संगणकाच्या पडद्यावरचा नकली मोबाइल चालविण्याच्या भरीस न पडता आपला खराच मोबाइल केबलने जोडावा. त्यासाठी सेटिंग्जमधील 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवावे. लपलेले 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करावे आणि काम आटोपल्यावर आठवणीने बंद करावे. पहिल्या खेपेस ग्रेडल नावाची यंत्रणा इंटरनेटवरून बरेच सामान ओढून आणते. संगणक अडकला असे समजून कोणी तो बंद करू नये.

आमच्या बेळगावात आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. पडद्यावर दिसणारे शब्द प्रोग्रॅमच्या मध्येच न कोंबता वेगळ्या फाइलीत ठेवावेत. मराठीसाठी 'एमआर', कन्नडसाठी 'केएन', उर्दूसाठी 'यूआर' असे कप्पे करता येतात, आणि मोबाइल ज्या भाषेत लावलेला असेल तो कप्पा अ‍ॅप आपण होऊन उघडते. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून मांडणीत 'डावे-उजवे' न लिहिता 'आरंभ-शेवट' लिहावे. माझी आई उर्दू वाचते आणि मुले मराठी, त्यामुळे हा धडा मला घरातच मिळाला.

आता माझी फजिती सांगतो. शाळेतील मुलांसाठी मी पाढ्यांचे एक लहानसे अ‍ॅप केले आणि शाळेच्या संगणकावरून तयार करून घरोघरी पाठवले. प्रत्येक अ‍ॅपवर करणाऱ्याची एक सही असते, आणि ती करणारी गुप्त किल्ली एका फाइलीत असते. चाचणीपुरती किल्ली स्टुडिओ स्वतःच बनवतो, पण ती दर संगणकाची निराळी. हे मी वाचले होते, ध्यानात ठेवले नव्हते. मेच्या सुटीत सुधारलेली आवृत्ती घरच्या संगणकावर केली, तर एकही मोबाइल ती घेईना. नाव तेच, सही वेगळी! अँड्रॉइडचे काही चुकले नव्हते. एरवी कोणीही भामटा आपल्या अ‍ॅपच्या नावाने दुसरेच काही घुसवील. शेवटी सर्वांना जुने काढून नवे घालावे लागले, आणि मुलांनी वर्षभर जमविलेले गुण पुसले गेले. चौथीतील एका मुलीने विचारले, "सर, माझे एकोणतीसचे पाढेसुद्धा गेले?" मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा अ‍ॅप घराबाहेर पाठविण्यापूर्वी स्वतःची कायमची किल्ली करावी, तिची प्रत दोन ठिकाणी आणि परवलीचा शब्द वहीत ठेवावा. मूळ प्रोग्रॅमसाठी गिट हे मुक्तस्रोत साधन वापरावे, म्हणजे प्रत्येक फेरफाराची नोंद राहते. गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये नव्या अ‍ॅपची खरी किल्ली गूगलच सांभाळते, आणि आपली चढविण्याची किल्ली हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. हातोहात वाटलेल्या अ‍ॅपला तो उपाय नाही.

प्ले स्टोअरची फी २५ डॉलर, तीही एकदाच. एफ-ड्रॉइड या भांडारात फी नाही, परंतु तेथे मुक्तस्रोत अ‍ॅपच घेतात. प्ले स्टोअरवर नव्या व्यक्तिगत खात्यास आणखी एक अट आहे : किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहिले पाहिजे. येथे आमची मुले अडतात, कारण एवढी माणसे कोठून आणावयाची हे त्यांना कळत नाही. ट्रस्टच्या सभासदांपैकी कोणाकडे असा मुलगा किंवा मुलगी आली, तर आपला ईमेल पत्ता द्यावा, आलेले अ‍ॅप आपल्या मोबाइलवर घ्यावे, आणि पंधरवडाभर ते काढू नये.