पगार एक तारखेचा, किराणा तीस तारखेपर्यंत

बँकेच्या काउंटरवर दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा मेळ घालणे हे आमचे काम. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली तरी जागेवरून उठता येत नाही. परंतु आमच्या स्वतःच्या घरच्या किराण्याचा हिशेब कित्येक वर्षे दुकानदाराच्या वहीत होता, आमच्या वहीत नव्हता. वीस तारीख उलटली की उधारी सुरू व्हायची आणि एक तारखेला पगार हातात येताच ती फेडावी लागायची. महागाईला दोष दिला की आमचे समाधान होत असे.

दोन वर्षांपूर्वी पत्नीला सारखा थकवा येऊ लागला. तपासणीत हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघाले. डॉक्टरांनी रोजच्या जेवणाची चौकशी केली तेव्हा खरा प्रकार कळला. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत वरण पातळ व्हायचे. अंडी मुलांच्या आणि आमच्या ताटात पडायची. सर्वांचे झाल्यावर त्या जेवायला बसायच्या तेव्हा भाकर आणि चटणी उरलेली असायची. घरातली तूट त्या स्वतःच्या ताटातून भरून काढत होत्या आणि हिशेब तपासणारे आम्ही रोज शेजारी बसून जेवत होतो.

हा प्रकार आमच्याच घरी होता असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून काटकसर म्हणजे कमी खाणे, ही समजूत आधी मनातून काढली पाहिजे.

तथागतांनी कोलियांच्या दीघजाणू या गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांतील चौथी 'समजीविता', म्हणजे समतोल जीवन. तागडी धरणाऱ्याला कोणते पारडे किती झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपली मिळकत व खर्च कळला पाहिजे. मिळकत थोडी असून उधळपट्टी करणे त्यांनी जसे चूक ठरविले, तसेच मिळकत असून हलाखीत राहणेही चूकच ठरविले. किराण्याच्या बाबतीत नेमके हेच लागू पडते. उधळपट्टी नको आणि उपासमारही नको.

अर्नस्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आपल्या देशातील २०२३-२४ च्या पाहणीत खेड्यातील कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या खर्चात सुमारे ४७ रुपये आणि शहरात सुमारे ४० रुपये अन्नावर जातात असे आढळले. एवढा मोठा खर्च लिहून न ठेवता चालू देणे शहाणपणाचे नाही.

आम्ही प्रथम तीन महिने फक्त लिहिले. कशातही कपात केली नाही. मग त्या वहीची तुलना राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहाराच्या प्रमाणाशी केली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात माणशी रोज सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे असे ते प्रमाण आहे. अंडी, मांस, मासे खाणाऱ्यांनी डाळीचा काही भाग त्यांतून घेतला तरी चालतो. चार माणसांचा महिन्याचा हिशेब केला तर धान्य तीस किलो, डाळी दहा किलो आणि तेल सव्वातीन किलो होते. आमच्या वहीत तेल साडेपाच किलो आणि डाळी पाच किलो निघाल्या. म्हणजे ज्यात कपात करायची ते आम्ही भरपूर आणत होतो आणि जे वाढवायचे त्यात कपात करत होतो. शिवाय बिस्किटे, शेव, फरसाण आणि तयार मसाल्यांच्या पुड्या मिळून डाळींइतकाच खर्च होत होता.

त्यानंतर आम्ही महिन्याला नऊ हजार रुपये ठरविले. कोरडा किराणा पाच हजारांचा, तो दोन तारखेला एकदाच रोखीने. भाजीला दर आठवडी बाजाराचे चारशे, म्हणजे सोळाशे. दुधाला नऊशे, अंडी व मांसाला नऊशे. उरलेले सहाशे पाहुणा, आजारपण किंवा पाचवा बाजार यांसाठी हातचे. प्रत्येक रक्कम वेगळ्या पाकिटात. एका पाकिटातले पैसे संपले तर दुसऱ्याला हात लावण्याआधी दोघांनी बोलायचे, एवढा एकच नियम. यादी करताना डाळी, शेंगदाणे आणि अंडी सर्वांत वर लिहायची. पैसे कमी पडले तर शेवटच्या ओळी खोडायच्या, वरच्या नाहीत.

आता स्वयंपाकाकडे वळू. आपल्या विदर्भाच्या जेवणात काटकसर आधीपासूनच आहे. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ही जोडी सकस आहे, कारण धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळ भरून काढते. सकाळी डाळ जास्त शिजवावी. एक वेळ साधे वरण, दुसऱ्या वेळी त्याच डाळीत अंबाडी किंवा पालक घालून पातळ भाजी. पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात तुरीचे सोले, हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी. मुनग्याचा पाला तर पुष्कळदा अंगणातच मिळतो. बरबटी आणि मोट भिजवून, मोड आणून केल्यास भाजी महाग असलेल्या आठवड्यात अडत नाही. डाळ अर्धा तास भिजवून कुकरमध्ये लावल्यास गॅसही वाचतो. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. यामुळे अन्नातील लोह अंगी लागते आणि खर्च काहीच येत नाही. तेल मात्र पळीने न घालता चमच्याने मोजून घालावे. दोन महिन्यांत आमचे तेल चार किलोंवर आले.

सोयाबीनची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि १९३५ साली तेथे गांधीजींनी जेवणात सोयाबीनचा प्रयोग केला. आज आपल्या जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन पिकते, पण घरात ते क्वचितच शिजते. सोयाबीन उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून नऊ किलो गव्हात एक किलो दळून आणावे. पोळीची चव फारशी बदलत नाही. कच्चे मात्र खाऊ नये, ते पचत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अन्नसुरक्षेचे प्राधान्य कार्ड आहे, त्यांना २०१३ च्या कायद्यानुसार माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांचे ते वीस किलो झाले. पण त्यात डाळ नाही. म्हणून धान्याचे जे पैसे वाचले ते डाळीच्या पाकिटात गेले पाहिजेत.

खोली घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थी मित्रांनाही हेच सांगावेसे वाटते. दोघातिघांनी मिळून एक लहान कुकर घ्यावा. मूगडाळीची खिचडी, उकडलेले अंडे आणि शेंगदाण्याची चटणी हे जेवण अर्ध्या तासात होते. वडापाव आणि चहावर काढलेली परीक्षा प्रकृतीला महागात पडते.

आमच्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिला. रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची भाकर तिने खाल्ली. तिच्या पिढीची काटकसर परिस्थितीने लादलेली होती, त्यात निवड नव्हती. आपल्याला आज थोडीबहुत निवड करता येते, ती शिक्षणामुळे आणि नोकरीमुळे. त्या निवडीचा उपयोग घरातल्या प्रत्येकाचे ताट भरण्यासाठी झाला पाहिजे.

आमच्या घरची उधारी सात महिन्यांत फिटली. पत्नीचे हिमोग्लोबिन औषध आणि आहार या दोहोंमुळे अकराच्या वर गेले. सर्वांत उपयोगी पडलेला बदल मात्र बिनखर्चाचा होता. आता आम्ही चौघेही एकाच वेळी जेवायला बसतो. भांडे मध्ये ठेवलेले असते, त्यामुळे डाळ कमी आहे की पुरेशी आहे हे सर्वांना दिसते.

सभासद बंधू-भगिनींनी या महिन्यापासून एक साधी वही घालावी. पहिल्या पानावर खर्च लिहावा आणि शेवटच्या पानावर घरात सर्वांत शेवटी कोण जेवले व त्यांच्या ताटात काय होते ते लिहावे. दोन्ही पानांचा मेळ बसला तरच महिना नीट गेला असे समजावे.