खुंटी, मळसूत्र आणि गिटारची चावी

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि मैदानातल्या मंडपात रात्रभर प्रयोग चालतात. अशा मंडपात पोलादी तारांचे वाद्य संध्याकाळी सुरात लावले, तरी पहाटेच्या गारठ्यात तार आकसून तिचा ताण वाढतो व स्वर चढतो. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते, मे महिन्यात ते आक्रसते. तार पुन्हा सुरात आणणारा भाग वाद्यात म्हणूनच फार महत्त्वाचा ठरतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घडत आलेल्या आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तंबोऱ्यात हे काम लाकडी खुंटी करते. ती केवळ घर्षणाने भोकात घट्ट बसते, त्यामुळे दमट हवेत अडकते, कोरड्या हवेत निसटते, आणि मग तिला खडू लावावा लागतो. गिटारच्या चावीने हे दुखणे जवळपास संपवले. तिच्यात मळसूत्री दांडा एका लहान दातेरी चाकात अडकलेला असतो; दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलट फिरवू शकत नाही, म्हणून तारेने कितीही ओढले तरी चाकाला जोडलेला, तार गुंडाळलेला खांब जागचा हलत नाही. चौदास एक या प्रमाणाच्या चावीत खांबाचा एक फेरा होण्यासाठी चावी चौदा वेळा फिरवावी लागते, आणि या सावकाशीमुळेच सूर बारकाईने लावता येतो. व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर या वाद्यकाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहाही चाव्या एका ओळीत बसवल्या होत्या. फेंडर कंपनीने १९५० नंतर हीच मांडणी विद्युत गिटारवर रूढ केली.

ही चावीही झिजली, तर ती बदलण्याचे खरे काम मोजमापाचे आहे. जुन्या धाटणीच्या चावीला सुमारे पावणेनऊ मिलिमीटरचे भोक लागते, नव्या बंदिस्त चावीला दहाचे. मोठे केलेले भोक सहज लहान करता येत नाही, म्हणून जुन्या मापाचीच चावी घेणे शहाणपणाचे. भोक वाढवायचेच असेल, तर ड्रिलऐवजी हाताने फिरवायचा निमुळता रीमर थोडा थोडा चालवावा, कारण ड्रिल फिरताना लाकडाच्या कडेचा कपचा उडवतो. तारा एकदम न कापता आधी सैल कराव्यात, कारण साधारण पातळ संचातही सहा तारांचा एकत्रित ताण चाळीस किलोंहून अधिक असतो. नवी चावी बसवून पुढचा नट आधी हाताने फिरवावा, चावी सरळ रेषेत आणावी, मगच मागच्या लहान स्क्रूसाठी बारीक भोक पाडावे; स्क्रूला थोडे मेण लावले, तर तो कठीण लाकडात तुटत नाही.

मात्र सूर उतरला की चावीलाच दोष देण्याची वादकांची सवय फारशी बरोबर नाही. तार ज्या खाचेतून मानेवर येते ती खाच अरुंद असेल, तर तार तिथेच अडकते, चावी फिरवताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो. अशा वेळी महागड्या चाव्यांनी काहीच साधत नाही, खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले तरी बहुधा भागते. दाते झिजल्याची खूण वेगळी असते: चावी थोडी फिरूनही खांब स्थिर राहतो. हा पोकळ खेळ थोडा असेल, तर स्वर नेहमी खालून वर चढवत लावल्याने त्याचा त्रास होत नाही; तो वाढला, की मात्र पाना हातात घ्यावा.