सकाळी हिग्ज, दुपारी बर्फ

ओळखीतली एक पीएचडीची मुलगी इटलीतल्या ला तुईलला परिषदेला चाललीय. वेळापत्रक बघून म्हणाली, "दादा, दुपारी एवढी मोठी सुट्टी कशाला?"

स्कीइंगला! चेष्टा नाही.

ही 'रँकोंत्र द मोरियाँ'. भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ त्रान तान वान यांनी १९६६ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये सुरू केली. व्याख्यानं सकाळी आणि संध्याकाळी, मधला वेळ बर्फावर. लिफ्टच्या खुर्चीत शेजारी नामवंत प्राध्यापक सापडले, की हॉलमध्ये गिळलेला प्रश्न तिथे विचारता येतो.

तेव्हा नुकताच सापडलेला नवा कण हा हिग्ज बोसॉनच असल्याचं सांगणारे निकाल मार्च २०१३ मध्ये याच परिषदेत मांडले गेले.

आता दुपारी स्कीऐवजी स्नोबोर्ड घेणार असाल, तर त्याचं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. उतारावर आडवी असलेली फळी सपाट झाली, की उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस धाडकन आपटतो. म्हणून आधी टाचेकडच्या कडेवर घसरायला शिका. पडताना तळहात टेकू नका, नवशिक्यांची मनगटं तशीच मोडतात. मनगटाचे गार्ड घ्याच.

प्रवासविम्यात हिवाळी खेळ धरलेत का, तेही बघा.

आणि संध्याकाळी तुमचंच व्याख्यान असेल, तर त्या दुपारी बोर्डाच्या नादी लागू नका बुवा.