डोंगरावरचे शेत आणि ओढ्याचे पाणी

विस्थापित कुटुंब गावी परतले की पुनर्वसनाची नोंद पूर्ण झाली असे मानले जाते. शेती मात्र पाण्याशिवाय उभी राहत नाही आणि डोंगराळ भागात पाणी बहुधा शेताच्या खाली, ओढ्यात असते. या दृष्टीने फिलिपाइन्समधील निग्रोस बेटाचा अनुभव पाहण्याजोगा आहे.

निग्रोस हा उसाचा मुलूख. १९८४-८५ च्या सुमारास साखरेचे भाव कोसळले, मळेवाल्यांनी लागवड आखडती घेतली आणि मजुरांवर उपासमारीची वेळ आली. पुढे १९८९ मध्ये बंडखोरांविरुद्धच्या लष्करी मोहिमेमुळे दक्षिणेकडील डोंगरी वस्त्यांतील सुमारे ३५,००० लोकांना घरदार सोडावे लागले. असा माणूस परत आला तरी डिझेलचा पंप त्याला कसा परवडणार? बेटावरील बाकोलोद शहरातील ‘ऑल्टरनेटिव्ह इंडिजिनस डेव्हलपमेंट फाउंडेशन’ या संस्थेने आणि तिच्यासोबत काम करणारे डच अभियंते ओके इडझेंगा यांनी डोंगरी वस्त्यांसाठी एक जुने यंत्र हाती घेतले: हायड्रॉलिक रॅम. रॅम म्हणजे एडका. नाव सार्थच आहे, कारण हे यंत्र टक्करच मारते.

१७७२ मध्ये इंग्लंडच्या जॉन व्हाइटहर्स्टने याचा हाताने चालवायचा प्रकार केला होता. १७९६ मध्ये जोसेफ माँगोल्फिए याने तो आपोआप चालेल असा केला. उष्ण हवेचा फुगा उडवणाऱ्या दोघा भावांपैकी हा एक.

यंत्राची हिकमत साधी आहे. ओढ्याचे पाणी उतरत्या नळातून खाली येते आणि एका उघड्या झडपेतून वाहून जाते. वेग वाढला की तेच पाणी झडप खाडकन बंद करते. धावते पाणी अचानक अडल्यामुळे दाब उसळतो, दुसरी झडप उघडते आणि थोडे पाणी हवेच्या बंद भांड्यात शिरते. दाबलेली हवा ते पाणी वरच्या नळात ढकलते. तेवढ्यात दाब उतरतो, पहिली झडप पुन्हा उघडते आणि हा क्रम रात्रंदिवस चालू राहतो. ना इंधन, ना वीज. मोटेसारखी बैलजोडीही नको.

हिशेबाने पाहू. मिनिटाला १०० लिटर पाणी ३ मीटर खाली पडत आहे आणि ते ३० मीटर वर न्यायचे आहे. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर मिनिटाला ६ लिटर पाणी वर पोचते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २४ तासांत ८,६४० लिटर होतात. भाजीपाला, रोपवाटिका, जनावरे यांना ते पुरते; भाताच्या खाचरांना नाही. उरलेले ९४ टक्के पाणी ओढ्यातच परत जाते, म्हणून खालच्या शेतकऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. सपाट मुलखात, किंवा उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यावर, हे यंत्र निरुपयोगी. गाळाने झडप अडकते, तेव्हा तोंडाशी जाळी हवीच.

या संस्थेला २००७ मध्ये ॲशडेन पुरस्कार आणि २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मॅगसेसे लाभला होता. निग्रोसच्या पंपाची खरी करामत मात्र त्याच्या झडपेत आहे. ओतीव सुटे भाग परदेशातून मागवावे लागू नयेत म्हणून तिथे दाराची साधी बिजागरी वापरली. ती झिजली तर जवळच्या बाजारात दुसरी मिळते आणि गावातलाच माणूस ती बसवतो.