काळ्या मांसाचा कडकनाथ : ओळख आणि खबरदारी



'साहेब, कडकनाथ पाळावा का?' हा प्रश्न गावोगाव हमखास निघतो. कुणी त्याला सोन्याची कोंबडी म्हणतं, तर कुणी हात पोळल्यामुळं नावही काढू देत नाही. म्हणून हा पक्षी मुळात आहे कसा, ते आधी पाहू.

मूळ कुठलं?

आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा ओलांडली, की मध्य प्रदेशातला अलीराजपूर जिल्हा लागतो. त्याला लागून झाबुआ आणि धार. हाच कडकनाथाचा मुलूख. तिथल्या भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळली. देवाला वाहायला, पाहुण्याला जेवायला आणि अडीनडीला विकायला. तिथं तिला 'काली मासी', म्हणजे काळ्या मांसाची, असंही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं.

ओळखावा कसा?

चोच, तुरा, कातडी, पाय, सगळं काळं. मांस आणि हाडांवरचं आवरणसुद्धा काळपट. आपल्या केसांना काळेपणा देणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य या पक्ष्याच्या अंगभर साठतं, म्हणून हा रंग. पिसांवरून तीन प्रकार आहेत : कुळकुळीत काळा, मानेवर पांढुरक्या रेघांचा आणि सोनेरी छटेचा. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळी अंडी दाखवून कुणी भाव सांगू लागला, तर खुशाल समजा की फसवतोय! तुरा लालभडक किंवा कातडी पांढरट दिसली, तर जातीत मिसळ झाल्याची शंका घ्यावी.

गुण आणि मर्यादा

उन्हाळा, थंडी, साधं खुराडं, हिंडून मिळवलेला चारा, यांवर हा पक्षी निभावून नेतो. मांस चविष्ट असतं, चरबी कमी असते. पण त्याला औषध म्हणून विकू नका, की घेऊ नका.

आता दुसरी बाजू. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो भरतो, तर कडकनाथाला एक किलो व्हायला पाच महिने लागतात. कोंबडी वर्षाला शंभराच्या आतबाहेरच अंडी देते आणि खुडूकही नीट बसत नाही. म्हणून झाबुआकडे ही अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली उबवतात. तुम्हीही तसंच करा. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील.

सांभाळ

१. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्या, पुढं ती हळूहळू कमी करा. पिल्लं दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी पडते, लांब पळत असतील तर जास्त होते.

२. काटक आहे म्हणून लस टाळू नका. मानमोडी आली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मानमोडी आणि देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या.

३. आठ-दहा कोंबड्यांमागं एक नर ठेवा. तो दरवर्षी दुसऱ्या कळपातून आणा, पण जातीचाच आणा. गावठी कोंबड्यांत मोकळा सोडला, तर दोन-तीन पिढ्यांत अस्सल जात हातची जाते.

सावध राहा

२०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथाच्या नावावर मोठी फसवणूक उघडकीला आली. 'पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ,' असं सांगून शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले. पुढं माल उचलायला कुणी आलं नाही. खुराड्यात पक्षी आणि डोक्यावर कर्ज उरलं. यात दोष कोंबडीचा नव्हता. ज्या मालाला गिऱ्हाईक फक्त विकणाराच असतो, तो धंदा नव्हे, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा सुरुवात दहा-वीस पक्ष्यांनी करा. पिल्लं कृषी विज्ञान केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. तालुक्याच्या बाजारात, जवळच्या खानावळीत गिऱ्हाईक आहे का, ते आधी स्वतः जाऊन पाहा. मगच कळप वाढवा. भिल्ल बांधवांनी हा पक्षी घाईनं नाही, सबुरीनं जपला. आपणही तसाच पाळू या.